दिव्याला जाऊन आले

पहिल्यांदा लागला तो ऐरोलीच्या पुलावर,
अगदी मधोमध, जिथे गाडी थांबवता येत नाही.
इंजिनाच्या आकाराचा, हळदीच्या बोटाएवढा पिवळा.
गाडी मात्र चालतच राहिली,
ताप लपवून सहलीला निघालेल्या पोरासारखी.

तुर्भ्याच्या सर्व्हिस सेंटरात काचेमागे बसवलं, कॉफी दिली.
सेन्सर बदललाय म्हणाले. चौदा हजार तीनशे वीस.
महाप्याच्या सिग्नलला तो पुन्हा उगवला.

कोपरखैरण्याच्या शिवाप्पानं विचारलं, साहेब नाही आले?
साहेब मस्कतला असतात.
मग त्यानं मस्कतला फोन लावायला सांगितला
आणि माझ्या गाडीचं दुखणं
माझ्यासमोर, माझ्याच फोनवरून
त्यांना समजावलं:
प्लग, कॉइल, पेट्रोलच्या टाकीचं झाकण.
झाकण नवीन आलं. दिवा तोच.

माझं पोट मीटरांवर चालतं.
रबाळ्याच्या एमआयडीसीत मी मापांची मापं घेते.
बॉयलरचे गेज येतात, थर्मामीटर येतात,
कुणाचा काटा दोन अंशांनी खोटा, कुणाचा अर्ध्यानं.
मी तारखेचं स्टिकर लावते, सही करते.
बावीस वर्षांत एवढंच कळलं
की खोटं मीटर आणि खरं मीटर
सारख्याच ठामपणे बोलतं.

म्हणून वही केली.
तारीख, वेळ, एसी चालू की बंद, टाकीत पेट्रोल किती,
चढ होता का, मी चिडले होते का.
मंगळवारी लागतो.
मग एका मंगळवारी लागत नाही.
घणसोलीला विझतो, तीन दिवस विझलेलाच राहतो,
आणि त्या तीन दिवसांत मी जास्त घाबरते.

सोसायटीतले सबनीस म्हणाले, उंदीर असणार.
बॉनेटखाली अर्धं बिस्किट सापडलं;
उंदराचं की शिवाप्पाचं, सांगता येत नाही.

शेवटी कुणीतरी दिव्याचा पत्ता दिला.
दिव्यासाठी दिव्याला,
असं म्हणून शिळफाट्यावर एकटीच हसले,
पुढे टँकर, मागे टँकर.

पद्माकर मढवींचं गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा,
जुन्या बॅटरीवर झोपलेलं मांजर.
त्यांनी स्कॅनर काढलाच नाही.
बॉनेटवर तळहात ठेवून ऐकत राहिले.
बंद कर, म्हणाले. थोड्या वेळानं, चालू कर.
मग माझी वही मागितली
आणि बोट ठेवून वाचली, ओळ न ओळ,
मी चिडले होते ते मंगळवारसुद्धा.
अकरा महिन्यांत ती वही
दुसऱ्या कुणी उघडली नव्हती.
चष्मा काढला.
"मना नाय कलत, ताई."

इतक्या जणांत हे कुणीच म्हटलं नव्हतं.
मला बसायला खुर्ची लागली.
पैसे विचारले तर हात झाडले, चहा मागवला.
"गारी चालते ना? चालव.
आवाज आला तं ये. आवाज खोटा नाय बोलत."

निघताना तिथला पोऱ्या म्हणाला,
काळी पट्टी लावून देऊ का वरून? दीडशे फक्त.
नको म्हटलं, जरा तोऱ्यातच.
पण मुंब्रा बायपासवर अंधार पडला,
तो डोळ्यांत टोचायला लागला,
तेव्हा कपाळावरची टिकली काढून
त्याच्यावर चिकटवली.

नीट बसली नाही.
एका कडेनं पिवळी रेघ उरली,
कापलेल्या नखाएवढी.

कळव्याला गाडी बाजूला घेतली. वहीत लिहायचं होतं:
आठ पन्नास, एसी बंद, पाऊण टाकी.
पेन सापडेना. तेवढ्यात मस्कतचा फोन.
गेली का ती लाइट?
इथंच आहे, म्हटलं,
आणि आरशात कपाळ पाहिलं.
टिकलीच्या जागी फिकट गोल,
इतक्या वर्षांत उन्हानं न पाहिलेला.